'अभिजात'च्या समोर 'लोकप्रिय' का?

प्रश्न असा आहे: 'अभिजात' आणि 'अभिजन' एकाच मुळातले का, आणि 'अभिजात'चा विरुद्धार्थी शब्द म्हणून 'लोकप्रिय' लिहिला तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं. दोन्ही 'जन्' धातूचे. अभिजात म्हणजे मुळात चांगल्या कुळात जन्मलेला, अभिजन म्हणजे कूळ, घराणं. शब्द माणसांसाठी होता, कलाकृतीला तो नंतर चिकटला. युरोपातही तसंच झालं. 'क्लासिक'च्या मागचा लॅटिन शब्द रोममधल्या सर्वांत वरच्या, धनिक वर्गाचा. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या रोमन लेखकाने तो उत्तम लेखकासाठी वापरला आणि समोर ठेवला तो मालमत्ता नसलेल्यांचा शब्द, ज्यातून पुढे 'प्रोलेटेरिएट' (कामगारवर्ग) निघाला. लेखकाची प्रत सांगायला ऐपतीची भाषा! उच्च अभिरुचीच्या माणसासाठीचा इंग्रजी शब्द 'हायब्राउ' तर उंच कपाळाला जास्त बुद्धी असते या समजुतीतून आला.

खालच्या बाजूचे शब्दही पाहा. 'ग्राम्य' म्हणजे गावचा, एवढंच. पण मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या काव्यदोषांच्या यादीत तो जाऊन बसलाय, आणि 'नागर', म्हणजे शहरातला, मात्र चतुर, सुसंस्कृत ठरला. माझ्या मते सगळ्यात बोलका शब्द 'सवंग'. 'महार्घ'वरून महाग, तसा 'समर्घ'वरून सवंग. अर्थ फक्त स्वस्त. जुन्या मराठीत धान्य सवंग झालं की लोक खूश व्हायचे. आज धान्याला कोणी सवंग म्हणत नाही. उरलं ते 'सवंग मनोरंजन', 'सवंग लोकप्रियता'. ज्याला सगळ्यांचा हात पोचतो ते हलकं, हा हिशेब शब्दात कधी मुरला ते कळलंही नाही.

संस्कृतात सगळीकडे असंच होतं असं मात्र नाही. 'बृहद्देशी' या जुन्या संगीतग्रंथात त्याचा कर्ता मतंग 'देशी' गायनाची व्याख्या करताना स्त्रिया, मुलं, गुराखी आणि राजे एकाच दमात मोजतो. आपापल्या प्रदेशात आवडीने गातात ते देशी. राजाही त्यात आहे, हे महत्त्वाचं.

आता 'लोकप्रिय'. त्याचा सरळ विरुद्धार्थी 'अप्रिय', फार तर 'अलोकप्रिय'. 'अभिजात' नव्हे. एक शब्द दर्जाबद्दल बोलतो, दुसरा चाहत्यांच्या संख्येबद्दल. एकच नाटक दोन्ही असू शकतं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत शेक्सपिअर सर्व थरांतले लोक पाहायचे. 1849 मध्ये न्यूयॉर्कला 'मॅकबेथ' करणाऱ्या दोन नटांच्या चाहत्यांचा वाद इतका पेटला, एक नट उच्चभ्रूंचा आणि दुसरा सामान्यांचा म्हणून, की सैनिकांनी गोळीबार केला आणि 20 हून अधिक माणसं मेली. नाटक तेच होतं. भांडण ते कुणाचं यावर. (शिवाय 'लोकांना काय, काहीही आवडतं' म्हणणारा स्वतःला त्या लोकांत कधीच धरत नाही.)

लिहिताना मी असं करतो: टिकलेल्या, पुन्हापुन्हा वाचल्या-ऐकल्या जाणाऱ्या कृतीसाठी 'अभिजात'. वरच्या वर्गाच्या आवडीनिवडीबद्दल बोलायचं असेल तर उघडपणे 'अभिजनांची संस्कृती'. 'उच्च संस्कृती' हा शब्द आलाच, तर अवतरणचिन्हांत. 'लोकसंस्कृती' आणि 'लोकप्रिय संस्कृती' यांची सरमिसळ नको. पहिली परंपरेने चालत आलेली, दुसरी बहुतेकदा बाजारासाठी घडवलेली. आणि सरकारी 'अभिजात भाषा' या दर्जात, जो मराठीला 2024 मध्ये मिळाला, भर प्राचीनतेवर आणि जुन्या वाङ्मयावर आहे, बोलणाऱ्यांच्या कुळावर नाही.