प्रथिनाला साखरेचं कलम

सांगलीत बी. फार्म करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'प्रथिन आणि डेक्स्ट्रान जोडून औषधाचा वाहक करतात, त्याला कॉन्ज्युगेट म्हणतात. मराठीत "मिश्रण" लिहू की "संयुग"?'

मिश्रण नकोच. मिश्रण म्हणजे भेळ, त्यातले शेंगदाणे निवडून काढता येतात. इथे प्रथिनातल्या लायसिन या घटकाचा अमिनो गट आणि डेक्स्ट्रानच्या, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळीचं टोक यांच्यात पक्का रासायनिक बंध होतो. दोन्हींची एकत्र केलेली कोरडी भुकटी बेताच्या दमट हवेत ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवली की झालं. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला तांबूस रंग येतो तो याच मायार (Maillard) अभिक्रियेने, फक्त तिथे दुधाच्या प्रथिनांना भेटते दुधातलीच साखर.

'संयुग' चूक नाही, पण ढोबळ आहे. मीठही संयुगच, आणि त्यात सोडियम-क्लोरीनचा मूळ स्वभाव शिल्लक राहत नाही. आपल्याला तर दोघांचे स्वभाव टिकायला हवेत. आपल्या हळदीतलं कुरकुमिन घ्या. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण दुधातल्या केसीन या प्रथिनाचे पाण्यापासून दूर पळणारे भाग त्याला पोटात घेतात. मात्र एकटं केसीन ४.६ च्या आसपासच्या सामूला (pH) गोळा होऊन बसतं, दुधात लिंबू पिळल्यावर होतं तसं. डेक्स्ट्रानच्या साखळ्या बाहेरून पाणी धरून राहतात आणि कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. (डेक्स्ट्रान आपल्या भागाला परका नाही. तोडून पडलेल्या शिळ्या उसाचा रस बुळबुळीत होतो, तो जिवाणूंनी साखरेपासून केलेल्या याच पदार्थामुळे.)

म्हणून माझं मत 'कलम' या शब्दाला. तासगावच्या द्राक्षबागेत खाली डॉगरिज जातीचा खुंट असतो, वर थॉमसन या द्राक्षाची काडी. पाण्याचा ताण आणि खारं पाणी खुंटाने सोसायचं, घड काडीने द्यायचे. जीव एक, गुण दोघांचे. शब्द अरबी, मूळ अर्थ बोरूची लेखणी. कलमाची काडीही बोरूसारखी तासूनच घेतात. रसायनवाले अशा काही जोडण्यांना 'ग्राफ्ट', म्हणजे कलमच, म्हणतात, तेव्हा मी फार मोठी उडी मारत नाही. 'कलम' म्हटल्यावर कोणाला कायदा आठवेल, हा आक्षेप खरा. पण 'केसीनवर डेक्स्ट्रानचं कलम केलं' असं क्रियापदासह लिहिलं की वकील आपोआप बाजूला होतो. 'अनुबद्ध' सुचवणारेही भेटतील. नववीच्या गणितात तो करणींच्या जोडीला दिलाय, तिथेच राहू द्या.

एक पथ्य पाळा. जिलेटिन आणि डिंक काही वेळा नुसत्या विरुद्ध विद्युतभारामुळे एकत्र येतात. ते कलम नव्हे, ती गट्टी. सामू बदलला की फुटते.

जाता जाता, तुमच्या मजकुरात 'ड्रग डिलिव्हरी'साठी 'औषध-वितरण' आहे. ते वाचून मला मिरजेतल्या औषधदुकानापुढची रांग दिसली. तिथे सरळ 'औषध पोचवणं' लिहा.