प्लॅस्टिक रिसायकल होत नाही याला कचरा वेगळा न करणारे लोक जबाबदार आहेत का? यात उद्योगांचं काम काय?

प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत : प्लॅस्टिक खरंच रिसायकल होतं का, लोक कचरा वेगळा करत नाहीत म्हणूनच सगळं अडतं ना, आणि वर्तुळाकार अर्थव्यवस्थेत, म्हणजे वापरलेला माल फिरून वापरात आणायच्या पद्धतीत, उद्योगांनी नेमकं काय करायचं. मधल्या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तराचा सगळा जोर तिथेच जाणार, हे आधीच सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात : होतं, पण फार कमी. २०१७ साली जगभरातल्या प्लॅस्टिकचा एक मोठा हिशेब प्रसिद्ध झाला. २०१५ पर्यंत साठलेल्या सुमारे ६३० कोटी टन कचऱ्यापैकी रिसायकल झाला ९ टक्के, जाळला गेला १२ टक्के, आणि बाकीचा ७९ टक्के डेपोत किंवा उघड्यावर पडून राहिला.

आता भांडणाकडे. उदाहरण पेटच्या (पाण्याच्या, शीतपेयांच्या बाटल्या ज्याच्या असतात ते प्लॅस्टिक) बाटलीचं घेतो, कारण रिसायकलिंगमध्ये सगळ्यात चांगला चालणारा माल तोच. तिथेच काय होतं ते पाहिलं की बाकीच्यांचा अंदाज येईल.

बाटली २५ ग्रॅमची धरली तर एक टन माल म्हणजे ४०,००० बाटल्या. दाबून बांधलेल्या गाठी फोडायच्या, लेबलं ओरबाडून काढायची, सेन्सरने किंवा हाताने निवड करायची, ग्राइंडरमध्ये ८ ते १२ मिलिमीटरचे फ्लेक, म्हणजे तुकडे, पाडायचे. मग पाण्याची टाकी. पेटची घनता १.३५ च्या आसपास (पाण्याची १), म्हणून ते बुडतं. झाकणं एचडी किंवा पीपी या हलक्या प्लॅस्टिकची, घनता ०.९० ते ०.९७, ती तरंगतात आणि वरून निघून जातात. इथपर्यंत पाणीच निवडीचं काम करतं. पुढे हॉट वॉश : ८० ते ९० अंशांचं पाणी, दीड-दोन टक्के कॉस्टिक सोडा, थोडा डिटर्जंट, दहा-पंधरा मिनिटं. गोंद सुटतो, तेलकटपणा आणि चिकटलेलं अन्न जातं. नंतर स्वच्छ पाण्यात खळबळायचं, पिळायचं, वाळवायचं.

लक्षात घ्या, घरातल्या माणसाने बाटलीत ठेवलेला घोटभर सरबत, धूळ, माती, हे सगळं या एका टाकीत संपतं. त्याने पाणी आणि कॉस्टिक जास्त लागतं, खर्च वाढतो, पण माल मरत नाही.

माल मरतो तो पीव्हीसी या दुसऱ्या प्लॅस्टिकने. बाटलीला वरपासून खालपर्यंत घट्ट बसवलेली रंगीत स्लीव्ह पुष्कळदा पीव्हीसीची असते. पीव्हीसीची घनता १.३ ते १.४, म्हणजे जवळजवळ पेटइतकीच. टाकीत दोघं एकत्रच बुडतात, पाणी त्यांना वेगळं करू शकत नाही. पेट वितळवून दाणा पाडणारं यंत्र, म्हणजे एक्स्ट्रुडर, २७० ते २८५ अंशांवर चालवावं लागतं. पीव्हीसी २०० च्या आतच फुटायला लागतं. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त, ५७ टक्के क्लोरीन असतं. ते हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन बाहेर पडतं, पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं, यंत्राचा स्क्रू आणि बॅरल खातं. उरलेलं पीव्हीसी करपून काळे ठिपके होतात, ते जाळीत अडकतात, प्रेशर चढतं, जाळी बदलायला लाइन थांबवावी लागते. दाणा पिवळट निघतो आणि आयव्ही, म्हणजे साखळ्यांच्या लांबीचं माप, घसरते. बाटलीला ०.७६ ते ०.८४ आयव्ही हवी, कापडाच्या धाग्याला ०.६२-०.६४ चालते. म्हणजे बाटलीचा माल एका फेरीतच धाग्याच्या लायकीचा होतो, आणि धागा झाला की तो पुन्हा बाटली होत नाही.

किती पीव्हीसीने हे होतं? १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) भरपूर झालं. एक टनात १०० ग्रॅम. एक स्लीव्ह ४ ग्रॅमची धरा, म्हणजे २५ स्लीव्ह. ४०,००० बाटल्यांत २५, दर १,६०० बाटल्यांमागे एक.

समजा, बाजारातल्या शंभरातल्या एकाच बाटलीला अशी स्लीव्ह आहे. टनात ४०० स्लीव्ह आल्या. लेबल रिमूव्हर, सेन्सर आणि हात मिळून त्यातल्या नव्वद टक्के पकडल्या, तरी ४० उरल्या. मर्यादा २५ ची होती. वाळवल्यानंतर हवेच्या झोताने पातळ फिल्म उडवता येते आणि त्याने आणखी बरंचसं निघतं. पण फ्लेक जरासा ओला राहिला की फिल्म त्याला चिकटून बसते. सेन्सरची अडचण वेगळीच आहे. त्याचा अवरक्त किरण स्लीव्हवर पडतो, तो बाटलीला पीव्हीसी समजून फेकून देतो, आणि आतलं २५ ग्रॅम उत्तम पेटही तिच्यासोबत जातं.

आता सांगा, यात घरातल्या माणसाने कोणता कचरा वेगळा करायचा राहिला? त्याने बाटली रिकामी केली, सुक्या कचऱ्यात टाकली, काम संपलं. स्लीव्ह कशाची हे त्याला दिसतही नाही. ते कागदावर ठरवणारा माणूस पॅकेजिंग विभागात बसतो. कंपन्यांची बाजू मांडणारे लोक ‘ग्राहकांमध्ये जागृती हवी’ म्हणून थांबतात, तेव्हा माझा संताप होतो तो याच हिशेबामुळे.

फ्लेक घेणाऱ्यांसाठी दोन चाचण्या इथेच सांगून ठेवतो. पहिली : किलोभर फ्लेक ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये २२० अंशांवर अर्धा तास ठेवा. पेट पांढुरकं पडतं, पीव्हीसी तपकिरी-काळं होतं. काळे तुकडे वेचून तोला, पीपीएम हातात येतो. दुसरी : तांब्याची तार ज्योतीत लाल करा, संशयित तुकड्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत दिसली तर क्लोरीन आहे. हे मोकळ्या हवेत करा, धूर छातीत घेऊ नका. ओव्हनमध्ये काही तुकडे काळे न होता एकमेकांना चिकटून गोळा झाले, तर तो पेटजी या पेटच्या भावंडाच्या स्लीव्हचा माल. तो ८० अंशांच्या आसपास मऊ होतो आणि ड्रायरमध्ये फ्लेकचे ढेकूळ बांधतो. ‘पीव्हीसी नाही, पेट आहे’ असं सांगून विकला जाणारा हा प्रकार कमी त्रासाचा नाही.

ओलाव्याचंही असंच. एक्स्ट्रुडरमध्ये जाण्याआधी फ्लेक ५० पीपीएमच्या खाली वाळलेला हवा, नाहीतर त्या तापमानात पाणीच साखळ्या तोडतं. १६० ते १७० अंशांची कोरडी हवा, चार ते सहा तास. इथे घाई करणारा रिसायकलर मात्र स्वतःच दोषी, ते कंपनीवर ढकलता येत नाही. घसरलेली आयव्ही वर आणायला २०० ते २२० अंशांवर व्हॅक्यूममध्ये किंवा नायट्रोजनमध्ये कित्येक तास माल शिजवावा लागतो. जमतं, पण वीज खातं. पिवळेपणा तिथेही जात नाही.

बाकीच्या मालाचं भराभर सांगतो. काळे ट्रे : कार्बन ब्लॅक अवरक्त किरण गिळतो, सेन्सरला ट्रे दिसतच नाही. एचडी आणि पीपी : दोन्ही तरंगतात, एकमेकांत मिसळत नाहीत, जास्त मिसळ झाली की वस्तू जोडावर तडकते. पाउच : १२ मायक्रॉन पेट, ७-८ मायक्रॉन ॲल्युमिनियम, त्याखाली पीई (पॉलिथीन), तिन्ही गोंदाने जोडलेले. ते परवडेल अशा खर्चात कुणी सोडवत नाही. पाठीवर त्रिकोणातला आकडा असला तरी रिसायकल होईलच असं नाही. तो १९८८ पासूनचा राळ, म्हणजे प्लॅस्टिकची जात, ओळखायचा आकडा आहे. बाणांमुळे लोकांची दिशाभूल होते म्हणून २०१३ मध्ये बाण काढून साधा त्रिकोण करण्यात आला, पण जुने साचे अजून चालूच आहेत.

तर उद्योगांनी काय करायचं. स्लीव्ह हवीच असेल तर १ पेक्षा कमी घनतेची पॉलिओलेफिन (पीई-पीपीच्या जातीची) घ्या, ती झाकणासोबत तरंगून जाईल. नाहीतर अर्ध्याहून कमी बाटली झाकणारं लेबल आणि कॉस्टिकमध्ये सुटणारा गोंद. बाटली बिनरंगी किंवा फिकट निळी. पाउच एकाच जातीच्या प्लॅस्टिकचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिसायकल दाण्याची खरेदी दीर्घ कराराने बांधून घ्या. कच्चं तेल उतरलं की व्हर्जिन, म्हणजे नवा, माल स्वस्त होतो, त्या महिन्यात खरेदी अधिकारी रिसायकल दाण्याची ऑर्डर रद्द करतो आणि वॉशिंग लाइन बंद पडते. युरोपियन युनियनने पेटच्या पेयबाटल्यांत २०२५ पासून २५ टक्के आणि २०३० पासून सगळ्या प्लॅस्टिक पेयबाटल्यांत ३० टक्के रिसायकल माल सक्तीचा केला. मला हाच मार्ग पटतो, कारण सक्ती असली की पॅकेजिंगवाला रिसायकलरला आपणहून विचारतो की स्लीव्ह कशाची घेऊ.

घरच्यांनी काय करावं तेही सांगतो. बाटली रिकामी करा, झाकण परत लावून टाका, टाकीत ते आपोआप वेगळं होतं. स्लीव्हला फाडायची रेघ असेल तर फाडून काढा, हे फार मोठं काम आहे. बाटलीत रॅपर कोंबून टाकू नका, ती अख्खी बाटली बाद होते.

दोन गोष्टी माझ्या विरोधात जाणाऱ्याही आहेत. दूध किंवा उजेडाने बिघडणाऱ्या मालाला पूर्ण झाकणारी स्लीव्ह खरंच लागते, तिथे बिनरंगी बाटलीचा आग्रह चालणार नाही. पण तिथे पांढरी अपारदर्शक पेट वापरू नका, टायटॅनियम डायऑक्साइडमुळे धागासुद्धा कमजोर पडतो. आणि ओला-सुका एकत्र टाकलेल्या कचऱ्यात फिल्म आणि पिशव्या खरोखर वाया जातात, तेवढ्यापुरतं वर्गीकरणवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. बाटलीच्या बाबतीत नाही.