पहिल्यांदाच घरी समुद्री रीफ टँक लावायचाय. मालवणहून समुद्राचं पाणी आणि दगड आणले तर चालेल का? किती लिटरचा टँक घेऊ आणि खर्च किती येईल?

दगड आणू नका. बाकीचं सगळं नंतर, आधी हे एवढं पक्कं करा. तुम्ही मालवणचं नाव घेतलंत, माझं गाव तिथेच बाजूला आहे, आणि नेमक्या याच विषयावरून माझं आणि माझ्या सख्ख्या चुलतभावाचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, आहे. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. पण अभयारण्याच्या बाहेरून उचललं तरी सुटका नाही, कारण रीफ बांधणारे सगळे कठीण कोरल, काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप, सी फॅन हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. वाघ ज्या यादीत आहे ती यादी. समुद्रघोड्यांनाही हाच कायदा लागू आहे. गुन्हा सिद्ध झाला तर कमीत कमी तीन वर्षं आत. आणि मेलेला पांढरा तुकडा शोपीस म्हणून कपाटात ठेवला तरी तो त्याच कायद्यात येतो, हे लोकांना सांगितलं की लोक हसतात.

दादा, म्हणजे हाच चुलतभाऊ, पण हसलाच होता. तो डोंबिवलीला राहतो, माझा ठाण्यातला टँक बघून त्याला पण लावायचा होता आणि मला त्याचा आनंदच झाला होता. मी त्याला सगळं लिहून दिलं, मीठ कुठलं, पाणी कसलं, किती आठवडे थांबायचं. तर म्हणाला, अरे समुद्र आपला, पाणी आपलं, दगड आपले, आणि तू बाहेरचं मीठ विकत घेऊन नळाच्या पाण्यात कालवत बसतोस? मे महिन्यात गावी गेला आणि येताना गाडीच्या डिकीत पाण्याचे कॅन आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दगड घेऊन आला. दगडांवर स्पंज, किडे, बारीक खेकडे, आणि दोन दगडांवर चक्क जिवंत कोरलचे गोळे. रात्रभर प्रवास, तो पण मे महिन्यातला. सकाळी सगळं टँकमध्ये टाकलं आणि पोरं मागे लागली म्हणून संध्याकाळी दुकानातून क्लाऊनफिशची जोडी आणून तीही सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी फोन. मी गेलो तर दारातच वास. पाणी दुधासारखं, मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतायत, अमोनियाची टेस्ट केली तर नळी हिरवीगार. स्पंज पाण्याबाहेर काढला की बहुतेक वेळा मरतो आणि मग आतून सडतो, एकेका दगडात किती जीव सडत होते कोण जाणे. त्यात समुद्री पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, त्यामुळे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा इथे जास्त विषारी ठरतो. मासे मी बादलीत घालून घरी आणले, एक जगला. कोरल अर्थातच गेलं.

मग मी बोललो. मोठ्या भावाला बोलू नये तसं बोललो, आणि मला आजही वाटतं की बरोबर बोललो. तर उत्तर काय, "दर्या काय सरकारान बांधल्यान?" आणि पुढे गणपतीत सगळ्या घरासमोर सांगितलं की हा मला जेलात घालायला निघालाय. तेव्हा फक्त काका माझ्या बाजूने बोलले. त्यांचं सगळं आयुष्य रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात गेलं, शाळा फारशी नाही, पण ते म्हणाले, "दगड उघडो पडलो की थय मासो रवना नाय." त्यावर दादा गप्प बसला, पण मान्य केलं असं नाही.

एका दगडाने काय होतं, असं तुम्हीही म्हणाल. गोळ्यासारखं वाढणारं पोराइटिस जातीचं कोरल वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. मोठ्या नारळाएवढा गोळा म्हणजे दहाएक वर्षं, आणि आपण तो एका रात्रीत घालवतो.

आता तुमच्या टँकचं. दुकानात कोरडा बेस रॉक मिळतो, तो घ्या, त्यात सडायला काही नसतं. वाळू अरागोनाइटची. मग टँक 'सायकल' करायचा, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया आधी वाढू द्यायचे. त्यांना लागणारा अमोनिया तयार होण्यासाठी अमोनियम क्लोराइड किंवा सरळ एक सोललेली कोळंबी टाका, बाटलीतले बॅक्टेरिया टाकले तर थोडं लवकर होतं, आणि मग चार ते सहा आठवडे एकही मासा नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबायचं. सायकलसाठी डॅमसेल (छोटे काटक समुद्री मासे) सोडा म्हणणारा दुकानदार भेटला तर दुकान बदला. नंतर तपकिरी शेवाळ येईल, घाबरू नका, ते सगळ्यांकडे येतं आणि बहुतेक वेळा आपोआप जातं.

पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. घरातला पिण्याचा आरओ चालत नाही, त्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम, घनता १.०२५ ते १.०२६, आणि मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच घ्या, प्लास्टिकच्या काट्यावाल्या मीटरवर माझा अजिबात विश्वास नाही.

समुद्राचं पाणी वाईटच असतं असं मात्र नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या हॅचऱ्या तेच वापरतात, पण गाळून आणि निर्जंतुक करून. आपण किनाऱ्यावरून उचलतो त्यात गाळ, बोटीचं डिझेल, नाल्याचं पाणी काय काय असतं, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी खारटपणा पार खाली जातो. दादा अजून म्हणतो की त्याचं पाणी प्रवासात खराब झालं म्हणून मासा मेला. तसं नव्हतं. उरलेल्या कॅनमधलं पाणी मी त्याच दिवशी तपासलं होतं, अमोनिया शून्य. टँक मारला तो दगडांनीच.

साइज म्हणाल तर १५० ते २०० लिटर. वीस-तीस लिटरचे क्यूब व्हिडिओत छान दिसतात पण उन्हाळ्यात एका दुपारी त्यांचं तापमान आणि क्षार दोन्ही हलतात. २०० लिटरचा टँक दगड, काच, स्टँड धरून तीनशे किलोच्या आसपास जातो, भिंतीलगत बीमजवळ ठेवा. खर्चाचा आकडा मी देणार नाही, लाइट आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) कुठला घेता त्यावर दुप्पट-तिप्पट फरक पडतो. एवढंच सांगतो की काच सगळ्यात स्वस्त असते आणि लोक चिलरचे पैसे धरतच नाहीत. तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीत, पण मुंबई-ठाण्यात मे महिन्यात चिलरशिवाय रीफ नाही. कोरलला २५-२६ डिग्री हवं, बराच काळ तीसच्या वर राहिलं की त्याच्या आतलं शेवाळ निघून जातं आणि ते पांढरं पडतं. नुसता पंखा लावला तर बाष्पीभवन होतं, तेव्हा वरून साधं आरओचं पाणी घालायचं, मिठाचं नाही. वेव्हमेकर, म्हणजे टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप, इन्व्हर्टरवर घ्या, म्हणजे वीज गेली तरी चालू राहील.

कोरल सुरुवातीला मऊ घ्या, मशरूम, लेदर, झोआ (झोअँथिड). कठीण कोरल परदेशातून आलेलं असेल तर साइटिसची (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रं मागा, आणि "आपल्याकडचाच आहे साहेब" असं उत्तर आलं तर पैसे न देता बाहेर पडा. क्लाऊनफिश हॅचरीतलेच घ्या, आपल्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन केव्हाच बसवलंय, समुद्रातून धरलेले घ्यायची गरजच नाही. आणि हो, झोआला हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला, काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. झोआ असलेला दगड साफ करायला गरम पाण्यात उकळू तर अजिबात नका, त्या वाफेने लोक हॉस्पिटलात गेलेत.