वाचकांचे प्रश्न : पहिला वेब सर्व्हर

(कमांड आणि फोल्डरांची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती लहान रोमन अक्षरांत लिहावीत.)

प्रश्न : शिकायला कोणता वेब सर्व्हर (ब्राउझरला पाने पाठवणारा प्रोग्रॅम) घ्यावा, अपाचे की इंजिनएक्स? दोन्ही एकाच मशिनवर टाकले तर?

उत्तर : दोन्ही ओपन सोर्स आहेत आणि भक्कम आहेत. अपाचे १९९५ पासून आहे, इंजिनएक्स २००४ पासून. नुसती एचटीएमएल पाने द्यायची असतील किंवा मागे नोड, पायथनचा प्रोग्रॅम चालवायचा असेल, तर इंजिनएक्स घ्या. त्याची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल आटोपशीर असते. तुमचे तयार पीएचपी सॉफ्टवेअर ‘.एचटीॲक्सेस’ या (फोल्डरपुरते नियम लिहिलेल्या) फाइलवर चालत असेल तर अपाचेच बरा, कारण इंजिनएक्स ती फाइल वाचतच नाही. दोन्ही टाकले की दोघांनाही पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीसाठी ब्राउझर ज्या क्रमांकावर सर्व्हरशी बोलतो तो) हवा असतो. आधी सुरू होणाऱ्याला तो मिळतो, दुसरा ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणत बंद पडतो. पोर्ट कोणाकडे आहे ते ‘सुडो एसएस -टीएलएनपी’ने कळते. सुरुवातीला एकच ठेवा.

प्रश्न : उबुंटूवर इंजिनएक्सचे स्वागताचे पान दिसले. मग माझी साइट होम फोल्डरमध्ये ठेवून कॉन्फिगमध्ये ‘रूट’ (साइटच्या फोल्डरचा मार्ग) बदलला, तर ‘४०३ फॉरबिडन’ येते. परवानगी ७७७ (सर्वांना सर्व काही) केली तरी तेच.

उत्तर : आधी ती ७७७ परवानगी काढा. तिने काम होत नाहीच, उलट वाट मोकळी झाली की मशिनवरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला तुमच्या फायली बदलता येतात.

उबुंटूवर इंजिनएक्सच्या वर्कर (पाने देणाऱ्या) प्रक्रिया ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरच्या नावाने चालतात. फाइलपर्यंत पोहोचायला या युजरला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर ‘एक्स’ची (आत शिरण्याची) परवानगी लागते. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचे होम फोल्डर ७५० परवानगीने तयार होते, म्हणजे इतरांना आत येताच येत नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असताना आतली खोली उघडी ठेवून काय उपयोग? ‘नेमआय -एल’ला फाइलचा पूर्ण मार्ग द्या, वाट कुठे अडली ते ओळीओळीने दिसेल.

होम फोल्डर सैल करू नका. साइट ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ खाली स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवा. फोल्डरांना ७५५, फायलींना ६४४ पुरते (बदल फक्त मालकाला, इतरांना वाचण्यापुरते). ‘फाइंड’ कमांडला ‘-टाइप डी’ (फोल्डर) आणि ‘-टाइप एफ’ (फायली) देऊन दोन्ही वेगवेगळे निवडा.

एवढ्यानेही ४०३ गेला नाही तर अंदाज बांधत बसू नका, ‘/व्हार/लॉग/इंजिनएक्स/एरर.लॉग’ उघडा. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर अडचण परवानगीचीच. ‘डायरेक्टरी इंडेक्स ऑफ… इज फॉरबिडन’ असेल तर फोल्डरमध्ये ‘इंडेक्स.एचटीएमएल’ सापडलेली नाही. बहुधा नावातले पहिले अक्षर मोठे पडलेले असते. लिनक्सला ते वेगळे नाव वाटते. ब्राउझरमध्ये दोन्ही चुका सारख्याच दिसतात, फरक लॉगमध्येच कळतो.

प्रश्न : कॉन्फिग बदलून रीस्टार्ट केले आणि साइटच बंद पडली. एरवी बदल केला तर परिणाम दिसत नाही.

उत्तर : बदल केल्यावर प्रथम ‘सुडो इंजिनएक्स -टी’ चालवा. ‘टेस्ट इज सक्सेसफुल’ आले तरच ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड इंजिनएक्स’. रीलोडमध्ये कॉन्फिग चुकली असली तरी जुनी चालू राहते. रीस्टार्टमध्ये सर्व्हर आधी थांबतो आणि चुकीच्या कॉन्फिगवर पुन्हा उठत नाही. सर्वांत जास्त विसरतो तो ओळीच्या शेवटचा अर्धविराम (;). त्याची चूक बऱ्याचदा पुढच्या ओळीच्या क्रमांकावर दाखवली जाते, तेव्हा वरची ओळही तपासा.

परिणाम दिसत नसेल तर फाइल फक्त ‘साइट्स-अव्हेलेबल’ या साठवणीच्या फोल्डरमध्ये असेल. सर्व्हर प्रत्यक्ष वाचतो त्या ‘साइट्स-एनेबल्ड’ फोल्डरमध्ये तिची लिंक ‘एलएन -एस’ने करा आणि मार्ग पूर्ण लिहा, अर्धवट मार्गाची लिंक तयार होते, पण बहुधा तुटकी.

प्रश्न : एचटीटीपीएस सुरू केल्यावर पोर्ट ८० बंद करू का?

उत्तर : नको. साधा पत्ता टाकणाऱ्यांना एचटीटीपीएसच्या पोर्ट ४४३ कडे वळवायला तो लागतो. शिवाय लेट्स एन्क्रिप्ट या एचटीटीपीएसची मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची एचटीटीपी पडताळणी पोर्ट ८० वरच होते. तो बंद असला तर प्रमाणपत्राचे नूतनीकरण अडते. ‘सर्टबॉट’ हा ही प्रमाणपत्रे आणणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर ‘सर्टबॉट रिन्यू’ला ‘--ड्राय-रन’ जोडून नूतनीकरणाची तालीम आधीच करून घ्या.