बंदोबस्तावरच्या कुत्र्यांना ऊन लागत नाही का?

प्रश्न : एप्रिलमध्ये सोलापुरातील एका सभेच्या मैदानाबाहेर भर दुपारी बंदोबस्ताला आलेले लॅब्राडोर कुत्रे पाहिले. ते जीभ बाहेर काढून सारखे धापा टाकत होते. मी पुढे केलेले बिस्कीट त्याच्या हस्तकाने, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या माणसाने, तुटकपणे नाकारले. या कुत्र्यांच्या देखभालीला काही नियम असतात की नाही? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : बिस्किटाच्या बाबतीत हस्तकाचेच बरोबर होते. कामावरच्या कुत्र्याने परक्याच्या हातचे खाऊ नये अशी शिकवण त्याला मुद्दाम दिलेली असते, कारण त्यात विषबाधेचा धोका असतो आणि खाऊकडे लक्ष गेले की नाक कामावरून उडते. तुटकपणा मात्र टाळता आला असता.

नियमाचे म्हणाल, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ३ असे सांगते की, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या स्वास्थ्याची काळजी घ्यावी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ देऊ नयेत.

उन्हाविषयीची आपली शंका रास्त आहे. कुत्र्याला घाम जवळपास पंजांच्या गाद्यांपुरताच येतो, म्हणून अंगातली उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो. पण तोंडाने धापा टाकणाऱ्या कुत्र्याला हुंगणे नीट जमत नाही, आणि स्फोटके शोधायला आणलेले कुत्रे नेमके तेव्हाच चुकण्याची भीती असते. त्यामुळे सावली, पाणी आणि पाळीपाळीने विश्रांती देण्यात लाड कसले, ती तर तपासणीचीच गरज आहे. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हात डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवली नाही, तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा चाल अडखळली, तर तो उष्माघात समजून काम तिथेच थांबवावे, पोटाला व जांघेत पाणी लावत वारा घालावा आणि लगेच पशुवैद्य गाठावा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) ज्युली या कुत्रीने ढिगाऱ्याखाली सहा वर्षांची मुलगी जिवंत असल्याची खूण दिली, तेव्हा खात्रीसाठी रोमिओ या दुसऱ्या कुत्र्याला तिथे नेण्यात आले. जोडीला दुसरे कुत्रे असले की खात्रीही होते आणि पहिल्याला दमही खाता येतो. माझ्या मते बंदोबस्तातही हाच हिशेब धरायला हवा.

पुढच्या वेळी असे कुत्रे दिसले, तर खाऊ पुढे न करता थेट हस्तकालाच विचारावे, की जवळच्या दुकानातून पाण्याची बादली आणून देऊ का.