मॉक कुठे लावायचा आणि कुठे नाही: मोबाईल ॲपच्या टेस्टबद्दल तुमचे प्रश्न

ह्या वेळी आलेल्या प्रश्नांतले बरेचसे युनिट टेस्ट (कोडचा छोटा तुकडा वेगळा काढून तपासणं) आणि मॉक (टेस्टमध्ये खऱ्याच्या जागी उभं केलेलं नकली) यांबद्दलचेच आहेत, हिंजवडी, खराडी, बाणेर, आणि एक तर कॉलेजातला. प्रत्येक उत्तरात नवीन उदाहरण नको म्हणून एकच ॲप डोळ्यासमोर ठेवूया. समजा सदाशिव पेठेत राहणाऱ्या पोरापोरींसाठी डबा मागवायचं ॲप आहे, सकाळी १० च्या आत ऑर्डर दिली तर दुपारचा डबा, नंतर दिली तर रात्रीचा, पैसे ऑनलाइन, आणि गावाला गेलं की डबा बंद ठेवायची सोय. एवढं पुरे.

सिंहगड रोडवरून, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी: ताई, इंटरव्ह्यूत मला मॉक, स्टब आणि फेकमधला फरक विचारला. मी म्हटलं सगळं एकच, मॉकिटोने (टेस्टसाठी नकली ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी) बनवतो ते. तर समोरचे हसले. नक्की फरक काय?

हसायला नको होतं त्यांनी, कारण ऑफिसात सगळेच ह्या सगळ्याला सर्रास मॉक म्हणतात. पण फरक आहे आणि तुला तो आत्ताच कळला तर पुढे खूप त्रास वाचेल. टेस्टमध्ये खऱ्या गोष्टीच्या जागी जे काही उभं करतो त्याला टेस्ट डबल म्हणायचं, हे नाव जेरार्ड मेझारोस यांनी रुळवलं, २००७ च्या त्यांच्या पुस्तकात त्याचे पाच प्रकार आहेत. रोजच्या कामात तीन लक्षात ठेव. स्टब म्हणजे ठरलेलं उत्तर देणारा, आजचा मेन्यू विचारला की "पोळी-भाजी, वरण-भात" एवढंच सांगणार. फेक म्हणजे खरोखर काम करणारा पण साधा, म्हणजे डेटाबेसच्या जागी आत नुसती एक लिस्ट, ऑर्डर सेव्ह केली की नंतर तीच परत मिळते. आणि मॉक म्हणजे ज्याला कोणती हाक मारली गेली हेच तपासायचंय तो, पेमेंटचं फंक्शन एकदाच बोलावलं गेलं का, बरोबर रकमेने बोलावलं का, वगैरे. ही कल्पना २००० साली टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी एका पेपरात मांडली.

आता गोंधळ होतो तो इथे, की मॉकिटोच्या मॉक फंक्शनने बनवलेला ऑब्जेक्ट स्टबही असू शकतो आणि मॉकही. नुसतं उत्तर ठरवून दिलंस आणि निकाल तपासलास तर स्टब, शेवटी व्हेरिफाय केलंस, म्हणजे हाक मारली गेली का ते तपासलंस, तर मॉक. पुढच्या इंटरव्ह्यूत हे एक वाक्य सांग, कोणी हसणार नाही.

हिंजवडीहून एक अँड्रॉइड डेव्हलपर: आमच्या प्रोजेक्टमध्ये टेस्ट भरपूर आहेत, कव्हरेजही (टेस्ट कोडचा किती भाग चालवतात ते) चांगलं आहे, सगळं हिरवं, म्हणजे पास. तरी रिलीजनंतर ऑर्डरच्या स्क्रीनवर नल पॉइंटरचा (काहीतरी असायला हवं तिथे रिकामं, म्हणजे नल, निघाल्याचा) क्रॅश आला. क्लास कोटलिन भाषेतला, फील्ड नॉन-नल, म्हणजे रिकामं राहूच नये असं. मग नल आला कुठून आणि टेस्टला दिसला का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही बहुतेक जीसन वापरताय, म्हणजे सर्व्हरकडून आलेल्या जेसनमधून (डेटा मजकुरात लिहायचा एक साचा) ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी. कोटलिनच्या डेटा क्लासला रिकामा कन्स्ट्रक्टर (काहीही न मागता ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन) नसला की जीसन कन्स्ट्रक्टरला बगल देऊन ऑब्जेक्ट तयार करतं, त्यामुळे कोटलिनची नलची तपासणी होतच नाही. सर्व्हरने डबा पोचवणाऱ्याचं नाव पाठवलंच नाही, समजा अजून कोणी ठरलाच नाहीये, तर त्या नॉन-नल स्ट्रिंगमध्ये गुपचूप नल जाऊन बसतो आणि फुटतं ते तिथे नाही, लांब कुठेतरी, जिथे ते नाव पहिल्यांदा वापरलं जातं तिथे.

आता टेस्ट बघा. टेस्टमध्ये तुम्ही एपीआयचा (सर्व्हरशी बोलणाऱ्या भागाचा) मॉक केला आणि त्याला सांगितलं की ही ऑर्डर परत दे. ती ऑर्डर तुम्ही कोटलिनमध्ये कन्स्ट्रक्टरनेच बनवली, तिथे नल द्यायला गेलात तर कंपायलरच अडवतो. म्हणजे जो बग प्रॉडक्शनमध्ये आला तो तुमच्या टेस्टमध्ये लिहिताच येत नाही! हजार टेस्ट लिहिल्या तरी नाही. मॉक तुम्ही पढवलेलं तेवढंच बोलतो, सर्व्हरबद्दल तुमचा समज चुकीचा असेल तर तोच चुकीचा समज तो तुम्हाला परत वाचून दाखवतो आणि वर हिरवी टिक पण देतो.

रकमेचंही असंच होतं. बऱ्याच पेमेंट गेटवेंना रक्कम पैशांत द्यावी लागते, म्हणजे १२० रुपयांच्या डब्याला १२०००. कोणी १२० पाठवले आणि टेस्टमध्येही व्हेरिफायला १२० च लिहिले, तर टेस्ट पास आणि गिऱ्हाईकाकडून कापले गेले एक रुपया वीस पैसे.

उपाय असा की मॉक एक पायरी खाली ढकला. रेट्रोफिटचा (सर्व्हरचे कॉल लिहायची लायब्ररी) इंटरफेस मॉक करू नका, ओकेएचटीटीपीबरोबर (तिच्याखाली नेटवर्कचं काम करणारी लायब्ररी) मिळणारा मॉकवेबसर्व्हर वापरा. तो तुमच्याच मशीनवर छोटा खरा सर्व्हर चालू करतो, त्याला खऱ्या सर्व्हरकडून आलेला जेसन जसाच्या तसा द्या, आणि रेट्रोफिट, कन्व्हर्टर, रिपॉझिटरी (डेटा आणणारा-ठेवणारा क्लास), व्ह्यूमॉडेल (स्क्रीनवर काय दाखवायचं ते सांभाळणारा क्लास) सगळं खरं ठेवा. मग नाव नसलेला जेसन द्या, ५०० एरर द्या, अर्धवट तुटलेला रिस्पॉन्स द्या, आणि स्क्रीनला काय मिळतं ते तपासा. जमलं तर जीसन सोडून कोटलिनएक्स सिरियलायझेशन किंवा मोशीच्या कोटलिन सपोर्टकडे जा, तिथे हवं ते फील्ड आलं नाही तर तिथल्या तिथे एक्सेप्शन येतं, नल लपून आत शिरत नाही. आणि हो, टेस्टसाठीचा जेसन मनाने टाइप करू नका, स्टेजिंग (रिलीजआधी तपासायच्या) सर्व्हरवरून उचला (गिऱ्हाईकांचे नंबर-पत्ते काढून), नाहीतर परत तेच, आपलाच समज आपल्यालाच.

खराडीहून: रिफॅक्टरिंग (कोडची फक्त मांडणी बदलणं) केलं, ॲपच्या वागण्यात काहीच बदल नाही, तरी टेस्टचा ढीग लाल झाला. मॅनेजर म्हणतात टेस्ट लिहिण्यातच अर्धा वेळ जातो. मी काय सांगू त्यांना?

मॅनेजरना सांगा की ते बरोबर बोलतायत, आणि मग टेस्टमधले व्हेरिफाय मोजायला बसा. मला न बघताही अंदाज आहे, प्रत्येक टेस्टच्या शेवटी "रिपॉझिटरीचं गेट बोलावलं", "कॅशचं पुट बोलावलं", "मॅपर बोलावला", आणि सगळ्यात खाली व्हेरिफाय-नो-मोअर-इंटरॅक्शन्स, म्हणजे ह्यापलीकडे एकही हाक गेली नाही ना ही तपासणी. ह्या टेस्ट ॲप काय करतं ते तपासत नाहीत, कोड कसा लिहिलाय ते तपासतात, मग दोन कॉलचा एक कॉल केला की लाल होणारच.

माझा नियम साधा आहे. जे परत मिळतं किंवा स्क्रीनवर दिसतं ते असर्टने तपासा, डबा बंद केल्यावर व्ह्यूमॉडेलच्या स्टेटमध्ये "बंद" आलं का? आलं तर ते कोणत्या रस्त्याने आलं ह्याच्याशी टेस्टला देणंघेणं नको. व्हेरिफाय फक्त अशा गोष्टींसाठी ठेवा ज्या ॲपमधून बाहेर जातात आणि परत घेता येत नाहीत, पेमेंट, एसएमएस, नोटिफिकेशन. "पैसे भरा" बटण घाईत दोनदा दाबलं गेलं तर चार्ज एकदाच गेला का, इथे एकदाच हे व्हेरिफाय करायलाच हवं, हा तर मॉकचा अगदी हक्काचा उपयोग आहे. पण मेन्यू कितीदा वाचला? त्याने कोणाचं काय बिघडतं.

स्वतःचे डेटा क्लास, मॅपर, छोटे हिशोबाचे क्लास मॉक करत असाल तर ते आजच थांबवा, खरे वापरा, ते फुकट आहेत आणि मिलिसेकंदात चालतात.

चिंचवडवरून: १० च्या आतली ऑर्डर दुपारची, ह्यासारखाच नियम आमच्याकडे आहे. त्याची टेस्ट सकाळी पास होते, १० नंतर माझ्या लॅपटॉपवर फेल, पण सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) दुपारी साडेतीनपर्यंत पासच. असं का?

साडेतीन म्हटलंत तिथेच उत्तर आलं! भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, आणि सीआयची मशीन बहुतेक वेळा यूटीसीवर असतात. आपल्याकडे दुपारचे ३:३० वाजले की तिथे १० वाजतात, तोवर सीआयच्या दृष्टीने सकाळच चालू असते. कोडमध्ये कुठेतरी थेट लोकलटाइम-डॉट-नाऊ (मशीनची आत्ताची वेळ) लिहिलेलं आहे, ते काढा आणि क्लासला बाहेरून क्लॉक द्या. इथे मॉक लायब्ररी लागतच नाही, जावाच्या क्लॉकमध्येच फिक्स्ड नावाची सोय आहे, हवी ती वेळ गोठवून मिळते. अँड्रॉइडवर हे एपीआय २६ (म्हणजे अँड्रॉइड ८) पासून आहे, त्याखालचे फोन सांभाळायचे असतील तर डीशुगरिंग (जावाच्या नव्या सोयी जुन्या फोनवर चालवणारी बिल्डची सेटिंग) चालू करा. मग ९:५९, १०:०० आणि १०:०१ अशा तिन्हीच्या टेस्ट लिहा, बरोबर १० ला काय व्हायचं हे मेसवाल्यांना विचारून घ्या, डेव्हलपरने मनाने ठरवायची गोष्ट नाही ती.

टाइमझोन मात्र फोनचा घेऊ नका. दुबईतून एखादी आई पुण्यातल्या मुलासाठी डबा सांगेल तेव्हा तिच्या फोनमध्ये साडेआठ वाजलेले असतील आणि इथे १०. स्वयंपाकघर पुण्यात आहे म्हणून नियम एशिया-कोलकाता झोननेच लावायचा, आणि त्याचीही एक टेस्ट हवी.

ह्याच प्रश्नात तुम्ही खाली विचारलंय की डिले असलेल्या कोरूटीनच्या (कोटलिनमधलं मध्ये थांबून पुढे चालू शकणारं काम) टेस्टमध्ये थ्रेड-स्लीप टाकलं तर चालेल का. नका टाकू. रन-टेस्ट वापरा, तिथे वेळ आभासी असते, ३० सेकंदांचा डिले क्षणात उडून जातो. फक्त डिस्पॅचरही (कोरूटीन कुठल्या थ्रेडवर चालेल ते ठरवणारा) बाहेरून द्या, क्लासच्या आत डिस्पॅचर्स-आयओ लिहिलेलं असेल तर ती आभासी वेळ तिथे लागू होत नाही.

बाणेरहून, आयओएस: अँड्रॉइडवाल्यांसारखं मॉकिटो आम्हाला का नाही? प्रत्येक क्लाससाठी प्रोटोकॉल (क्लासने कोणती फंक्शन द्यायची त्याची यादी) आणि मॉक हाताने लिहून कंटाळा आला.

कारण स्विफ्ट भाषेत चालू प्रोग्रॅमला नवीन क्लास बनवून त्यात वागणूक भरायची सोय नाही, तिथलं रिफ्लेक्शन (चालू प्रोग्रॅमने स्वतःच्या क्लासमध्ये डोकावणं) वाचण्यापुरतंच आहे. त्यामुळे एकतर हाताने लिहा नाहीतर सोर्सरी किंवा कुकू अशा टूलने कोड जनरेट करा. पण मी म्हणेन आधी यादी लहान करा, प्रत्येक क्लाससाठी प्रोटोकॉल कशाला? नेटवर्क, पेमेंट, लोकेशन, घड्याळ, एवढ्यांनाच लावा. हाताने लिहायचा त्रास मला तर उलट फायद्याचा वाटतो, चाळीस ओळींचा मॉक लिहावा लागला म्हणजे प्रोटोकॉलच फार मोठा झालाय हे लगेच दिसतं, मॉकिटोवाल्यांना ते दिसत नाही.

नेटवर्कसाठी तर प्रोटोकॉलही नको, यूआरएलप्रोटोकॉलचा (नाव तसं असलं तरी हा क्लास आहे) सबक्लास करून यूआरएलसेशनच्या कॉन्फिगरेशनमध्ये द्या, म्हणजे तुमचा डीकोडिंगचा खरा कोड टेस्टमध्ये चालतो. एक खाच आहे: तिथे पोचेपर्यंत रिक्वेस्टची एचटीटीपीबॉडी नल दिसते, बॉडी तपासायची असेल तर एचटीटीपीबॉडीस्ट्रीममधून वाचा. ह्यात लोकांचे दिवस जातात.

वाकडहून, फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड-आयओएस ॲप बनवायची सोय): मॉक लायब्ररी कोणती घ्यावी, मॉकिटो की मॉकटेल?

नवीन प्रोजेक्ट असेल तर मॉकटेल, बिल्ड-रनर (कोड जनरेट करणारं टूल) चालवत बसावं लागत नाही. आधीच मॉकिटो असेल तर बदलण्यात वेळ घालवू नका. मॉकटेलमध्ये स्वतःच्या टाइपसाठी एनी (कोणतीही व्हॅल्यू चालेल असं सांगणारं) वापरताना रजिस्टर-फॉलबॅक-व्हॅल्यू आधी द्यायला विसरू नका.

मगरपट्ट्याहून: आमचे नवीन लीड म्हणतायत मॉक लायब्ररीच काढून टाका, सगळीकडे फेक लिहा. जुन्या कोडमध्ये सिंगलटन (अख्ख्या ॲपला मिळून एकच ऑब्जेक्ट) आणि स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय थेट बोलावलेली फंक्शन) इतके आहेत की मॉकके ह्या मॉक लायब्ररीशिवाय एक टेस्ट उभी राहत नाही. कोणाचं ऐकू?

दिशा लीडची बरोबर आहे. गूगलचं स्वतःचं नमुना ॲप, नाऊ इन अँड्रॉइड, त्याच्या टेस्टमध्ये मॉक लायब्ररी अजिबात नाही, सगळे फेक. पण ते ॲप पहिल्यापासून तसं बांधलंय, तुमचं नाही, त्यामुळे एका झटक्यात काढायला गेलात तर आहे ते संरक्षणही जाईल. जुन्या कोडला हात लावायच्या आधी मॉकस्टॅटिक आणि मॉकऑब्जेक्ट लावून टेस्ट लिहा, बिनधास्त, तेवढ्यासाठीच ते आहे. प्रत्येक टेस्टनंतर अनमॉक-ऑल मात्र करा, नाहीतर एका टेस्टचा मॉक दुसरीत शिरतो आणि टेस्टचा क्रम बदलला की फेल व्हायला लागतात. मग त्या टेस्टच्या भरवशावर सिंगलटन काढून कन्स्ट्रक्टरमधून द्यायला लागा, आणि जो क्लास मोकळा झाला त्याच्यापुरता फेक आणा.

सुरुवात ऑर्डरच्या रिपॉझिटरीसारख्या ठिकाणी करा, जिथे सेव्ह, वाचणं, बदलणं सगळं आहे आणि दहा-पंधरा टेस्टमध्ये तोच तो स्टबिंगचा पसारा परत परत लिहिलाय. लीडना एक गोष्ट जरूर विचारा, फेक खऱ्यासारखाच वागतो ह्याची खात्री कोण देणार? खऱ्या डेटाबेसमध्ये एकाच दिवसाची दुसरी ऑर्डर युनिक इंडेक्समुळे (तीच नोंद पुन्हा येऊ न देणारा डेटाबेसचा नियम) नाकारली जाते आणि तुमच्या लिस्टवाल्या फेकमध्ये बिनबोभाट जाते, असं झालं की परत हिंजवडीवाल्यांच्याच जागी येऊन बसाल. म्हणून टेस्टचा एकच संच लिहा आणि तो दोघांवर चालवा, एकदा फेकवर आणि एकदा रूमच्या (अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी) इन-मेमरी डेटाबेसवर, तो रोबोलेक्ट्रिकने (फोनशिवाय अँड्रॉइडच्या टेस्ट चालवणारं टूल) जेव्हीएमवरही, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरही, चालतो. फेकवरचा प्रत्येक कमिटला, रूमवरचा मर्जच्या आधी. दोन्हीत फरक पडला की आधी फेक दुरुस्त करायचा, मग बाकीचं काम.