पंपाला पाना लावायच्या आधी टाकीकडे बघा

या महिन्यात जुन्या डिझेल पिकअपचीच पत्रं एवढी आलीत की ट्रॅक्टरवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहे, "मिस्तरी म्हणतो पंप गेला." पंप म्हणजे डिझेल दाबाने नोझलकडे ढकलणारा मोठा पंप. तो जातो, जात नाही असं नाही, पण जुन्या गाडीत तो सगळ्यात शेवटी बघायची वस्तू आहे. पंप उतरवला की गाडी आठ-आठ दिवस उभी राहते, टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची अचूक वेळ, परत बसवावं लागतं, आणि खराबी भलतीकडेच असली तर पैसे गेले ते गेलेच. म्हणून टाकीपासून सुरुवात करायची आणि इंजिनकडे यायचं, उलटं नाही.

प्रश्न : भाऊ, माझं २००५ चं डीआय पिकअप आहे, केळी भरतो. रात्री उभी केली की सकायले चालूच व्हत नही. हँडपंप मारला की लागते आणि मग दिवसभर मस्त चालते. खाली डिझेलचा एक थेंब गळत नाही. मिस्तरी पंप-नोझल दोन्ही करायला सांगतो. करू का? (केळी वाहतूकदार, रावेर)

उत्तर : नका करू भाऊ, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. हँडपंप, म्हणजे लाइनीत हाताने डिझेल भरायचा छोटा पंप, मारल्यावर लागते आणि दिवसभर चालते म्हणजे मोठा पंप डिझेल देतोय, नोझल ते इंजिनात फवारतंय. रात्रीत फक्त एवढंच होतंय की लाइनीतलं डिझेल परत टाकीत उतरतंय आणि तिथे हवा बसतेय. पाण्यात नळी बुडवून वरच्या तोंडावर बोट ठेवलं की पाणी नळीतच राहतं, बोट काढलं की खाली जातं ना, तसंच. म्हणजे तुमच्या लाइनीत कुठेतरी बोट निघालंय.

आता "एक थेंब गळत नाही" याचं सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. टाकीतलं डिझेल ओढून मोठ्या पंपाला देतो तो फीड पंप. टाकीपासून त्याच्यापर्यंतची लाइन ही ओढीची लाइन आहे, दाबाची नाही. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे खाली कोरडं दिसलं म्हणून लाइन चांगली असं धरू नका.

माझ्या स्वतःच्या गाडीवर हे झालंय म्हणून जीव तोडून सांगतोय. ऐन कटाईच्या दिवसात सकाळी गाडी लागेना, मी दुसऱ्याचं ऐकून पंप उतरवला, टेस्ट बेंचवर लावला, कॅलिब्रेशन केलं, आठवड्याने बसवला आणि दुसऱ्या सकाळी परत तेच. माल कापून बांधावर पडलेला आणि गाडी दारात. मग मी गाडीखाली आडवा पडून लाइन हाताने चाचपत गेलो. चेसीवर जिथे लोखंडी पाइप संपतो आणि रबरी नळी सुरू होते तिथली क्लिप सोडली, नळी बोटावर वाकवली, तर क्लिपच्या बरोब्बर खाली केसाएवढी चीर. नळी सरळ धरली की काहीच दिसायचं नाही, वाकवली की चीर तोंड उघडायची. वीतभर नळी आणि दोन क्लिपा, एवढ्यात काम झालं.

तुम्ही असं करा. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडा, डिझेलला चालणारी, आणि इंजिन चालू करून बघा. बुडबुडे धावताना दिसले तर हवा टाकीकडून येतेय. अजून खात्री हवी तर डब्याची टेस्ट करा, स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा डबा घ्यायचा, फीड पंपाची ओढीची नळी टाकीऐवजी डब्यात सोडायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी पहिल्या सेल्फला लागली तर खराबी टाकी ते फीड पंप या पट्ट्यातच आहे. फक्त डबा इंजिनाच्या वर ठेवू नका, डिझेल उतारानेच खाली येईल आणि टेस्ट फुकट जाईल. काम झालं की पारदर्शक नळी काढून टाका, इंजिनच्या गरमीने ती मऊ पडते.

डब्यावरही सकाळी लागली नाही तर मग फीड पंपाचे वॉल्व्ह बघा, बारीक कचरा अडकला की ते नीट बसत नाहीत, आणि हँडपंपाची मूठ ओली राहतेय का तेही. फिल्टरच्या बँजो बोल्टखालची (डिझेल आतून जाऊ देणारा पोकळ बोल्ट) तांब्याची वायसरं प्रत्येक वेळी नवीन टाका. आडगावी नाहीच मिळाली तर जुनी लालभडक तापवून पाण्यात टाका, तांबं परत मऊ होतं आणि बसतं. नंतर हवा काढताना क्रम सोडू नका, आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, आणि हँडपंप मारता मारताच स्क्रू आवळायचा, मारणं थांबवून आवळला की हवा परत आत. तरी लागली नाही तर नोझलकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, बहुतेक १७ किंवा १९ चा पाना लागतो, डिझेल उडालं की आवळा. एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फचं काम वेगळं निघेल.

प्रश्न : दादा, भाजीपाला घेऊन सुरतला जातो आणि येताना भरून येतो. सपाटीवर गाडी ठीक, पण नवापूर सोडून कोंडाईबारी घाट चढायला लागलो की ओढ कमी होत जाते आणि कधी कधी बंदच पडते. दहा मिनिटं थांबलो की परत चालते. फिल्टर दोनदा बदलले. (साक्री तालुका)

उत्तर : दादा, दहा मिनिटं थांबल्यावर आपोआप बरं होणारं दुखणं पंपाचं कमी आणि डिझेल कमी पोचण्याचं जास्त असतं. पुढच्या वेळी घाटात बंद पडली की काहीही करायच्या आधी टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. "सूंऽऽ" करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच लागली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. डिझेल जातं तेवढी हवा टाकीत यायला पाहिजे, ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते आणि फीड पंपाला डिझेल मिळत नाही. आपल्याकडच्या धुळीत आणि धुलाईच्या चिखलात ते भोक बुजतंच. तार घालून मोकळं करा. हरवलेल्या झाकणाच्या जागी कुणी साधं घट्ट बूच मारलं असेल तर ते आजच काढा.

आवाज आला नाही तर टाकीतला पाइप बाहेर काढा, त्याच्या टोकाला जाळी असते. मी एका गाडीच्या जाळीवर प्लॅस्टिक पिशवीचा तुकडा बघितलाय, गाडी चालू असली की ओढीने जाळीला चिकटायचा आणि बंद केली की सुटून तळाशी बसायचा. त्या माणसाने तोवर नोझल बदलून झाले होते.

अजून एक जागा आहे, ती फार कमी लोक बघतात. लाइन पंप असेल (प्रत्येक सिलेंडरचा वेगळा दट्ट्या, सगळे एका रांगेत), आपल्याकडे अजून सगळे मायको पंपच म्हणतात, कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी, तर त्याच्या रिटर्नच्या तोंडाला स्प्रिंगवाला ओव्हरफ्लो वॉल्व्ह असतो. त्याच्यामुळे पंपाच्या पोटात डिझेल दाबाने भरलेलं राहतं. तो वॉल्व्ह खराब झाला की काही मिस्तरी तिथे साधा बँजो बोल्ट मारून देतात, दिसायला सारखाच. मग डिझेल दाब न धरता सरळ टाकीत परत जातं, सपाटीवर कळत नाही पण भरलेल्या गाडीला घाटात बरोबर कळतं. तुमचा बोल्ट खोलून आत स्प्रिंग आहे का बघा.

प्रश्न : मे महिन्यात गाडी गरम झाल्यावर बंद केली की अर्धा तास लागत नाही. सकाळी मात्र पहिल्या सेल्फला लागते. रोटरी पंप आहे. (भुसावळ)

उत्तर : इथे मात्र पंपावर संशय घ्यायला जागा आहे, खोटं कशाला सांगू. रोटरी पंपात एकच फिरता भाग सगळ्या सिलेंडरना डिझेल वाटतो. डिझेल तापलं की पातळ होतं, आणि आतून झिजलेल्या पंपात ते पातळ डिझेल फटीतून मागेच निसटतं, सेल्फच्या कमी फेऱ्यांवर नोझल उघडेल एवढा दाब बनत नाही. थंड असताना डिझेल जाडसर असतं म्हणून सकाळी काही वाटत नाही. भुसावळ-जळगावचा मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास, त्यात बॉनेटखालची गरमी, मग हे दुखणं वर येणारच.

खात्री करायची तर गाडी बंद असताना पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं ठेवा. फडक्याने लागली आणि फडक्याशिवाय लागत नाही, असं दोन-तीनदा झालं तर पंप झिजलाय. पण गरम पंपावर गार पाण्याची बादली कधीच ओतू नका, बाहेरचं अंग आकसतं आणि आतला भाग जाम होतो.

तरीही पंप उतरवायच्या आधी दोन गोष्टी बघाच. बॅटरी आणि सेल्फ, कारण गरम इंजिन हळू फिरलं तरी हेच लक्षण दिसतं. आणि पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे चावीवर डिझेल सोडणारा-तोडणारा विजेचा वॉल्व्ह, चावी फिरवली की त्याचा "टक्" असा आवाज यायला पाहिजे. गरम झाल्यावर तो आवाज येत नसेल तर खराबी वायरीत किंवा सोलेनॉइडमध्ये आहे, पंप शाबूत आहे. सेल्फ मारताना सायलेन्सरकडेही बघा. अजिबात धूर नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण लागत नाही म्हणजे डिझेल पोचतंय, जळत नाही, मग कॉम्प्रेशन आणि टायमिंग बघायचं, आणि हीटर प्लगवालं इंजिन असेल तर प्लग.

प्रश्न : शेतावर ड्रममध्ये डिझेल ठेवतो, ट्रॅक्टरला आणि पिकअपला तेच. पावसाळ्यानंतर गाडी मिसिंग करतेय, फिल्टरमध्ये काळी चिकट घाण निघाली. पेट्रोल पंपवाल्याने भेसळ केली का? (कापूस उत्पादक, चोपडा)

उत्तर : आधी आपला ड्रम बघू, मग पंपवाल्याला बोलू. अर्धा रिकामा ड्रम किंवा टाकी दिवसा तापते, रात्री गार होते, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन उतरते आणि पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं. उघड्यावर उभ्या ड्रमच्या माथ्यावर पावसाचं पाणी साचून बुचातूनही झिरपतं. जिथे पाणी आणि डिझेल भेटतं त्या थरात सूक्ष्म जीव वाढतात, ती तुमची काळी चिकट घाण. नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल.

ड्रम सावलीत आडवा ठेवा, डिझेल तळातून नाही तर चार बोटं वरून काढा. आणि दर आठवड्याला सकाळी गाडी चालू करायच्या आधी फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सोडून कपभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, उन्हाकडे धरा. तळाशी पाण्याचे मणी फिरताना दिसले तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडत राहा. नवीन फिल्टर बसवताना तो ड्रममधल्या डिझेलने वरून भरू नका, न गाळलेलं डिझेल मधल्या भोकातून स्वच्छ बाजूला पडतं आणि थेट पंपात जातं. हँडपंप मारूनच भरा, हात दुखले तरी चालतील.

पंपवाल्यावर संशय असेल तर तिथेच डेन्सिटी (घनता) तपासून मागा, तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. टँकर आला त्या वेळची नोंद आणि आताची मोजणी यांच्यात घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक नको.

प्रश्न : इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढतेय. चांगलं की वाईट? (अमळनेर)

उत्तर : फार वाईट, आजच गाडी थांबवा. ऑइलची काडी काढून वास घ्या. डिझेलचा वास आला तर फीड पंपाचं किंवा मोठ्या पंपाच्या शाफ्टचं सील फुटून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. पातळ ऑइलने बेअरिंगं जातात. सील बदला, ऑइल आणि फिल्टर नवीन टाका, जुनं ऑइल गाळून परत वापरू नका. काडीवर दुधाळ रंग दिसला तर ते पाणी आहे, तो वेगळा आजार.

प्रश्न : भावाने कॉमन रेलचं पिकअप घेतलं. जुन्या गाडीसारखे नोझलचे नट सैल करून कुठलं सिलेंडर मिसिंग आहे ते शोधता येईल का? (शिरपूर)

उत्तर : नाही. हात जोडून सांगतो, नाही. जुन्या डीआयचं नोझल साधारण दोनशे-अडीचशे बारला उघडतं, कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या इंजिनात, तो हजाराच्या वर बारपर्यंत जातो. चालू इंजिनवर तो नट सैल केला तर डिझेलची धार सुईसारखी चामडीतून आत घुसते. तिथे मिसिंग स्कॅनर लावून शोधायचं, आणि पाइपला गळती वाटली तर हात न फिरवता पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून बघायचं. जुन्या गाडीतही नोझल बाहेर काढून फवारा बघताना हात समोर नको, तेवढा दाबही चामडी फोडायला पुरतो.

आणि कुणाच्या बोटात धार गेलीच तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस फडकं बांधून कामाला लागतो आणि आतून बोट सडतं. तसं करू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की प्रेशरचं डिझेल आत गेलंय.